कोपराचं दुखणं आणि त्याचं बारसं

मंडळी, 2004 सालच्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे घराघरांत एक नवा शब्द शिरला. टेनिस एल्बो. हॉलंडमधल्या तिरंगी मालिकेच्या वेळी सचिन तेंडुलकरचा डावा कोपर दुखायला लागला आणि तो संघाबाहेर बसला. मग काय, एसटीत, चहाच्या टपरीवर, आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत, जिकडेतिकडे तोच विषय. आमचे एक सहकारी भाबडेपणाने म्हणाले होते, "अहो, पण हा टेनिस खेळतो कधी?" सगळे हसले. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता! पुढे मी या दुखण्याबद्दल जमेल तसं वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की या नावातच सगळी गंमत आहे. आणि थोडं दुःखही आहे.

आधी सचिनचं सांगते, म्हणजे तरुण वाचक पुढे वाचतील. त्या वर्षी तो चॅम्पियन्स ट्रॉफीला मुकला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्याही हुकल्या. ऑक्टोबरात नागपूरच्या तिसऱ्या कसोटीत तो परतला खरा, पण कोपर काही पाठ सोडेना. शेवटी मे 2005 मध्ये लंडनला अँड्र्यू वॉलेस या सर्जननी शस्त्रक्रिया केली. नंतर मुलाची हलकीशी बॅटसुद्धा उचलणं जड जात होतं, कारकीर्द संपली असं वाटायचं, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे. त्याची बॅट इतरांपेक्षा जड असायची हे आपल्याला ठाऊकच आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये नागपूरलाच श्रीलंकेविरुद्ध तो पुन्हा उतरला आणि त्याने 93 धावा केल्या. डिसेंबरात दिल्लीला 35वं कसोटी शतक झालं आणि गावसकरांचा 34 शतकांचा विक्रम मागे पडला.

उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा कोपर का बरं दुखावा? बॅटच्या दांड्यावर वरचा हात डावा असतो, आणि बॅट पेलण्याचं, वळवण्याचं बरंचसं काम तोच करतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, पाहा चाचपून. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथूनच सुरू होतात. स्नायू हाडाला बांधणारी जी दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. आपण मूठ घट्ट आवळतो तेव्हा मनगट पुढे झुकू नये म्हणून हे स्नायू ताणून धरतात. म्हणजे काम करते मूठ आणि ताण बसतो कोपरावर! चहाचं पातेलं उचलताना, ओलं कापड पिळताना, कुणाशी हात मिळवताना कोपरात कळ येते ती यामुळेच. हेच दुखणं कोपराच्या आतल्या बाजूला झालं, तर त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. तिथे मनगट आत वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा दुखावलेली असते.

आता या दुखण्याच्या बारशाची हकीकत.

1873 साली जर्मनीत रुंगे नावाच्या डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन केलं. कुणाच्या संदर्भात, तर लिहून लिहून ज्यांचा हात धरतो अशा माणसांच्या! म्हणजे आमच्याच जातकुळीचे लोक. फळ्यावर खडूने लिहून आणि वह्यांचे गठ्ठे तपासून हात भरून आल्याशिवाय कुठल्या मास्तराचा दिवस मावळलाय? लॉन टेनिसचं पेटंट विंगफील्ड या इंग्रज मेजरने घेतलं ते त्याच्या पुढच्या वर्षी, 1874 मध्ये. म्हणजे दुखणं वैद्यकाच्या कागदावर आधी आलं आणि आज आपण ओळखतो तो खेळ रूढ झाला नंतर.

मग विलायतेत बागाबागांतून टेनिसची लाट आली. 1882 साली हेन्री मॉरिस यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात घोडेस्वारांच्या मांडीच्या दुखण्यावर लिहिलं. (आमच्या घोडनदीकरांनी कान टवकारायला हरकत नाही!) त्यात त्यांनी 'लॉन टेनिस आर्म'चा उल्लेख केला. दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव छापून आलं आणि ते जे चिकटलं ते कायमचं. लिहिणारे मागे पडले, खेळणारे पुढे आले. आज डॉक्टर सांगतात की हे दुखणं झालेल्यांपैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातातही धरलेली नसते. साधारण पस्तिशी ते पंचावन्न या वयात, हाताने जोर लावून तेच ते काम करणाऱ्यांना हे जास्त होतं. मोठ्या माणसांत शंभरातल्या एक ते तिघांना तरी होतं म्हणतात.

रोगांना नावं कोण देतं? जे डॉक्टरकडे जातात ते. ज्यांना दवाखान्याची पायरी चढणं परवडत नाही, त्यांचं दुखणं बिनबारशाचंच राहतं.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, भीमेकाठचं. सासर शिरूरचं. दोन्हीकडे दुष्काळ पाहिला, दोन्हीकडे ऊसही पाहिला. आता आठवायला बसलं की जिकडेतिकडे कोपरच दिसतात हो...

आमच्या माहेरी म्हशी होत्या. आई पहाटे आणि संध्याकाळी धार काढायची. अंगठा दुमडून सड ओढायची तिची पद्धत. हल्ली पशुवैद्यक सांगतात की मूठ पद्धतीने, पूर्ण पंजाने धार काढावी. अंगठ्याने सडाला इजा होते म्हणून. ते जनावराच्या भल्यासाठी सांगतात, पण काढणाऱ्या हाताचंही त्यात भलंच आहे. चाळिशीनंतर आईचा उजवा हात कोपरापासून "निघायचा". तिचाच शब्द. कळशी उचलताना ती डाव्या हाताचा टेकू द्यायची. दुखण्याला नाव नव्हतं, त्यामुळे तक्रारही नव्हती. आंबेहळद उगाळून लावायची आणि पुन्हा म्हशीखाली बसायची. गावात कुणी बिब्बा घालायचं, कुणी तापल्या लोखंडाचा डाग द्यायचं. दंडावर, कोपरावर ते काळे डाग घेऊन फिरणारी माणसं मी लहानपणी कितीतरी पाहिली आहेत. (आजही कुणी हे सुचवलं तर ऐकू नका. कातडी भाजते, आतली कंडरा होती तशीच राहते.)

दौंड हे रेल्वेचं गाव. 1878 साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि जंक्शनला महत्त्व आलं. वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत फायरमन मंडळी धावत्या गाडीत फावड्याने कोळसा भट्टीत लोटायची. आमच्या नात्यातले एक काका त्यातले. रजेवर आले की पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून प्यायचे. आम्हा पोरांना ती त्यांची ऐट वाटायची!

आणि मग 1972चा दुष्काळ. तेव्हा माझं बी.ए. नुकतंच आटोपत आलं होतं. शिरूर आणि दौंड हे दोन्ही पूर्वेकडचे कोरडे तालुके. दुष्काळी कामं निघाली: रस्ते, पाझर तलाव आणि खडी फोडणं. 1973च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती. आमच्या आळीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन रांगेत बसायच्या, पुढ्यात दगड आणि हातात हातोडी. ढीग मोजून मजुरी. ज्या बाईने आयुष्यात कधी हातोडी धरली नाही, ती एकदम दिवसभर दगड फोडायला लागली तर तिच्या कोपराचं काय होईल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? दुष्काळाच्या इतिहासात पाऊस किती मिलिमीटर, सुकडी किती वाटली, जनावरं किती मेली हे सगळं येतं. कोपर कुठे येत नाही. मी पंचवीस-तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण असल्या इतिहासाचा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

पुढे पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डीकडून तोडणीच्या टोळ्या आपल्या दोन्ही तालुक्यांत उतरतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. माणसाचं नावच हत्याराचं! बुडख्यावर घाव, वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत रचायची. पहाटेपासून कोयत्याची मूठ आवळलेली. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे हात दुखतो म्हणून बसायची सोय नाही. सचिनला काही महिने विश्रांती मिळाली, आणि ती त्याला मिळायलाच हवी होती. कोयत्याला हंगामात एक दिवसाचीही विश्रांती मिळत नाही.

या गोष्टी मोठमोठ्यांना सुचल्याच नाहीत असं मात्र नाही हं. इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे एक वैद्य होते. त्यांनी 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर पूर्ण पुस्तक लिहिलं. 1713च्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिकांवर प्रकरण घातलं आणि त्यात एकाच जागी बसणं, हाताची सतत तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण अशी कारणं दिली. आपल्याकडे तेव्हा छत्रपती शाहूंचा काळ चालू होता, बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली तेच हे साल! रामाझिनींनी वैद्यांना सांगितलं की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल, त्यात आणखी एक घाला: तुम्ही काम काय करता?

इतका साधा प्रश्न. मला स्वतःला निवृत्तीच्या आसपास उजव्या कोपराचा त्रास झाला तेव्हा ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तो विचारला नाही. दोन मिनिटांत इंजेक्शन दिलं. आठवड्यात हात हलका झाला, मी खूश! अडीच-तीन महिन्यांनी दुखणं पहिल्यापेक्षा जोरात परत आलं. तेव्हा वाटलं, माझंच नशीब. नंतर वाचनात आलं ते असं.

स्टेरॉइडची ही इंजेक्शनं 1950च्या दशकापासून सुरू झाली. समजूत अशी की कंडरेला सूज आली आहे, ती उतरवली की काम झालं. पण 1979 साली अमेरिकेतल्या रॉबर्ट निर्शल यांनी शस्त्रक्रियेत काढलेले कंडरेचे तुकडे तपासून मांडलं की तिथे नेहमीची सूज नसतेच. कंडरेचे तंतू विस्कटलेले असतात. सारखं ओढून ओढून दोरीचे पीळ सुटावेत आणि नीट वळायला वेळच मिळू नये, तसं. कंडरेचा रक्तपुरवठाही मुळात बेताचा, त्यामुळे ती भरून यायला आठवडे नाही, महिने लागतात.

मग 2006 साली ऑस्ट्रेलियात 198 रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना इंजेक्शन, काहींना व्यायामाचे उपचार, आणि काहींना फक्त सल्ला देऊन वाट पाहायला सांगितलं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत पुढे. पण इंजेक्शनने बरं वाटलेल्यांपैकी 72 टक्के लोकांचं दुखणं नंतर उलटलं! वर्षाअखेरीस नुसती वाट पाहणारेसुद्धा त्यांच्यापेक्षा चांगले होते. 2013 साली तिथेच आणखी एक अभ्यास झाला, त्यातही तेच. खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 96 टक्के लोक वर्षभरात बरे किंवा बरेचसे बरे झाले, स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 83 टक्के. स्वतःचं रक्त काढून त्यातला भाग टोचण्याची महागडी पद्धत हल्ली निघाली आहे. तिच्यावरचे 32 अभ्यास एकत्र करून 2021 साली निष्कर्ष निघाला, की तिचाही म्हणावा असा फायदा दिसत नाही. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते, तीही बाकीचे उपाय थकल्यावर.

म्हणजे गोळाबेरीज काय? हे दुखणं बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात आपलं आपण बरं होतं, पण एका अटीवर. कंडरेला भरून यायला अवसर मिळाला पाहिजे. अवसर म्हणजे हात गळ्यात बांधून बसणं नव्हे, पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी दुबळी होते. ज्या कामाने कळ येते ते कमी करायचं आणि हळूहळू ताकद वाढवायची. मला पुढे एका फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवलेला व्यायाम सांगते, अगदी बिनखर्चाचा आहे.

टेबलावर हात कोपरापासून पालथा ठेवा, मनगट काठाबाहेर. मुठीत पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला, मदत सोडा आणि चार-पाच आकडे मोजत सावकाश खाली न्या. असं दहा-पंधरा वेळा, थोडं थांबून तीनदा. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर बाटलीतलं पाणी कमी करा. दीड ते तीन महिने चिकाटी लागते. पहिल्या पंधरा दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडणारेच जास्त. मला दहाव्या आठवड्यात कुकर एका हाताने उचलता आला, त्या दिवशी घरात शिरा केला होता!

आणि बाकी बारीकसारीक गोष्टी: ओझं उचलताना तळहात वर ठेवावा, पालथ्या हाताने उचलू नये. पिशवी हातात लोंबकळत नेण्यापेक्षा कोपर वाकवून अंगाशी धरावी. कोयता, खुरपं, विळा, हातोडी यांची मूठ फार बारीक नसावी, धार चांगली असावी. बोथट हत्याराचं उणं मनगट भरून काढतं. मूठ लागेल तेवढीच आवळावी. शक्य असेल तिथे हात पालटावा, धार काढणं घरात दोघांनी वाटून घ्यावं. नवं काम एकदम दिवसभर करू नये, चार-आठ दिवसांत वाढवत न्यावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हे दुखणं जास्त होतं, हेही जाता जाता घरातल्या संबंधितांनी वाचावं. कोपराखाली दोन बोटांवर बांधायचा पट्टा काहींना कामाच्या वेळी थोडा आराम देतो. मधुमेह असेल तर स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढते, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगावं. पडल्यानंतर दुखत असेल, सांधा सुजून लाल झाला असेल, ताप असेल, करंगळीला मुंग्या येत असतील किंवा कळ मानेपासून उतरत असेल, तर ते टेनिस एल्बो नाही असं समजून तपासून घ्यावं.

मुलांचं वेगळं. आपल्या गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, बारा-तेरा वर्षांची पोरं मोठ्यांची बॅट घेऊन आणि जीव खाऊन चेंडू फेकून दिवसदिवस खेळतात. वाढत्या वयात कंडरेपेक्षा हाडाचा वाढता भाग नाजूक असतो, फेकून फेकून तो दुखावतो. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची 'लिटल लीग' ही मोठी संस्था आहे. तिने 2007 साली एका मुलाने एका दिवशी किती चेंडू टाकायचे याचे आकडे वयानुसार ठरवून दिले. आपल्याकडे निदान घरच्या माणसांनी तरी मोजावेत. पोराचा कोपर दुखतो म्हणाला तर "मर्दासारखा खेळ" असं त्याला म्हणू नका, महिनाभर क्षेत्ररक्षणात उभं करा आणि डॉक्टरांना दाखवा.

असो. लांबलं खरं. पण लिहायला बसले ते मुळात एवढ्यासाठीच, की टेनिस एल्बो हे श्रीमंती खेळाचं नाव असलं तरी दुखणं हाताने पोट भरणाऱ्यांचं आहे. नाव ऐकून कुणी म्हणतं, "आपल्याला कशाला होतंय ते?" आणि मग इंजेक्शनवर इंजेक्शन घेत दुसऱ्या दिवशी त्याच कामाला जातं. तुमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी पिळा पिळताना हात झटकत असतील, तर चादरी त्यांना पिळायला लावू नका, तशाच निथळत टाका. तुमच्या शेतात टोळी उतरली असेल, तर कोयत्याला धार लावायला चांगला दगड आणि दुपारची अर्धी घटका सावली, एवढं तरी देता येईल. आणि आपल्या भाचरंडांत, नातवंडांत जी डॉक्टर झाली आहेत, त्यांना म्हाताऱ्या मास्तरीणबाईंचा एकच गृहपाठ: समोर कोपर धरून कुणी बसलं की सुई हातात घेण्याआधी विचारा, बाई, तुम्ही काम काय करता?